बिनस्टँडची कोकणस्वारी

पुण्यात सायकल दोनदा आली. पहिल्यांदा आली तेव्हा ती अख्ख्या घरात मिळून एक असायची. तिला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचा आणि डबलसीट सापडलं की दंड भरावा लागायचा. मंडईतून निघालेल्या माणसाच्या हँडलला दोन्हीकडे पिशव्या, कॅरिअरवर लाल भोपळा आणि पुढं दांडीवर धाकटं पोर असे. दुसऱ्यांदा आली ती अलीकडे. ही सायकल दिवाणखान्यात भिंतीला टांगलेली असते, तिच्याखालून जाताना पाहुण्यांनी मान वाकवायची असते आणि तिच्यावरून जुडीभर मेथी आण म्हटलं तर मालक दुखावतो. मेथी मोबाइलवरून मागवतात. सायकल कोकणात जाते.

या दुसऱ्या सायकलीचं शास्त्र असं, की पैसे जितके जास्त तितक्या वस्तू कमी. साध्या सायकलीला स्टँड, घंटी, कॅरिअर, मडगार्ड, चेनकव्हर आणि मागं लाल काच, असं सगळं मिळतं. किंमत वाढली की आधी मडगार्ड जातं, मग कॅरिअर, मग घंटी. लाखाच्या पुढं गेलात की स्टँड तर नसतोच, पण पेडलसुद्धा वेगळं विकत घ्यावं लागतं. आमच्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यानं घेतली तेव्हा दुकानदारानं सायकलीला हार घातला, त्याच्या हातात नारळ दिला आणि पेडलचे पैसे निराळे लावले.

हिवाळा लागला की शुक्रवार पेठेत आणि आसपास हा झटका बऱ्याच जणांना येतो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. डॉक्टरनं साखर सांगितलेली असते, मुलं अमेरिकेत किंवा बालेवाडीत गेलेली असतात आणि गुडघे अजून बरे आहेत हे कुणाला तरी दाखवायचं असतं. आमच्या टोळीत एक निवृत्त बँकवाले काका, एक दातांचे डॉक्टर, हा सॉफ्टवेअरवाला, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आणि मी. पुण्याहून ताम्हिणी उतरायची, श्रीवर्धनला समुद्र गाठायचा आणि तो उजव्या हाताला ठेवून दाभोळ-गुहागरपर्यंत जायचं, असा बेत.

निघायचं कुठून यावर बेतापेक्षा जास्त चर्चा झाली. शेवटी मंडई ठरली, टिळकांच्या पुतळ्यापाशी, पहाटे पाच. तिथं त्या वेळी चहा मिळतो, उजेड असतो आणि उशिरा येणाऱ्याला चारचौघांत बोलता येतं.

मंडईचा आणखी एक गुण आमच्या कामी आला. ती दगडी इमारत १८८६ साली उघडली तेव्हा गव्हर्नरच्या नावानं ती रे मार्केट होती. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या खर्चाला विरोध केला होता. लोकांच्या शिक्षणाला पैसा नाही आणि बाजाराच्या इमारतीला आहे, हे त्यांना पटत नव्हतं. पुढं आचार्य अत्रे नगरपालिकेत गेले आणि रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. जो कडाडून विरोध करील त्याचंच नाव त्या गोष्टीला द्यायचं, हा पायंडा तेव्हापासून या परिसरात आहे. (फुल्यांचं नाव दिलं ते उत्तमच झालं. रे साहेब आता फक्त प्रश्नमंजूषेत उरलेत.) आमच्या सहलीला सर्वांत जास्त विरोध बँकवाल्या काकांनी केला. मार्ग चुकीचा, महिना चुकीचा, टायरची रुंदी चुकीची आणि बाई कशाला. मग पायंड्याप्रमाणे नेतृत्व त्यांच्याकडे गेलं आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपला त्यांचं नाव लागलं.

पहाटे मंडईत मार्केट यार्डाहून माल घेऊन टेम्पो लागत होते. पालेभाजीवाल्या मावशींनी ओल्या गोणपाटावर कोथिंबिरीच्या जुड्या लावता लावता आमच्याकडे पाहिलं. हेल्मेट, चकाकती जाकिटं, कपाळावर दिवे.

"मेट्रोचं काम पुन्हा काढलं का?"

"नाही मावशी, कोकणात निघालोय. सायकलवर."

"का? एष्टीचा संप आहे?"

मुद्दाम निघालोय, हौसेनं, असं सांगितल्यावर त्यांनी जुडी खाली ठेवली आणि सॉफ्टवेअरवाल्याच्या सायकलीभोवती एक चक्कर मारली. केवढ्याची, म्हणून विचारलं. त्यानं घरी सांगितलेला आकडा सांगितला, कारण घरची मंडळी निरोप द्यायला शेजारीच उभी होती.

"एवढे मोजले, आणि स्टँड?"

"स्टँडनं वजन वाढतं, मावशी."

मावशींनी त्याच्या पोटाकडे एकदा नीट पाहिलं आणि त्या पुन्हा कोथिंबिरीकडे वळल्या.

वजनाचं म्हणाल तर त्यानं टूथब्रशची दांडी अर्धी कापून घेतली होती. पंपाऐवजी गॅसची नळी, टॉवेलऐवजी टॉवेलचा तुकडा. त्याच बॅगेत आईनं दिलेल्या भाजणीच्या चकल्या आणि मेथीचे लाडू होते, सगळे मिळून दोन-अडीच किलो. ते वजनात धरायचं नसतं म्हणे.

लक्ष्मी रस्ता, लकडी पूल, कर्वे रस्ता. त्या वेळी कर्वे रस्ता इतका मोकळा असतो की तो पाहायलाही एकदा पाचला उठावं. कोथरूडपर्यंत पाचही जण शेजारी शेजारी चालवत होते आणि पाचही जण बोलत होते. गिअर कुठला टाकावा, पाणी किती वेळानं प्यावं, काकांच्या मते दातांच्या डॉक्टरांची सीट किती वर आहे आणि डॉक्टरांच्या मते काकांची किती खाली. मग चांदणी चौकाचा चढ आला आणि बोलणं बंद झालं.

पुणेकर कशाशीही वाद घालू शकतो. रिक्षाच्या मीटरशी, पंचांगाशी, पानिपताच्या निकालाशीसुद्धा. चढाशी त्याला वाद घालता येत नाही. चढाला तुमचं शिक्षण कळत नाही, तुम्ही कुठल्या पेठेतले याची तो चौकशी करत नाही आणि त्याला खिंडीत गाठावं म्हटलं तर खिंड त्याचीच असते. काकांनी तरी प्रयत्न केला. "हा चढ पूर्वी एवढा नव्हता, पुलाच्या कामात वाढवलाय," असं ते म्हणाले. 'वाढवलाय' या शब्दाला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

पिरंगुट, पौड, मग मुळशीचं पाणी. फोटो काढायची जागा तीच, सगळे काढतात, आम्हीही काढले. बाईंनी तेवढ्यात सांगितलं, की हे धरण बांधायला निघाले तेव्हा १९२१ साली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात होते. टाटांच्या वीजघरासाठी पाणी अडवायचं होतं आणि त्याखाली जाणारी गावं, शेतं लोकांना सोडायची नव्हती. धरण झालं, गावं गेली, बापट तुरुंगात गेले. यावर कुणी काही बोललं नाही. चढाशिवाय आमची टोळी गप्प बसली अशी सबंध प्रवासातली ती एकच वेळ.

ताम्हिणीबद्दल फार लिहीत नाही. घाट उतरताना प्रत्येक माणसाला आपण सायकलपटू आहोत असं वाटतं, आणि तसं वाटू देण्यात घाटाचं काही जात नाही. ब्रेक तापतात, बोटं आखडतात, माकडं चकल्यांच्या बॅगेकडे बघतात. खाली विळ्याला पोचलं की हवा एकदम जड होते, आणि पहाटेसाठी सात हजारांना घेतलेलं जाकीट कुठं कोंबायचं हा प्रश्न माणगावपर्यंत पुरतो.

खरा घोळ पुढंच आहे, आणि तो नकाशात दिसत नाही. रस्ता समुद्राच्या कडेनं जातो म्हणजे सपाट असणार, असं सॉफ्टवेअरवाल्यानं घरबसल्या सिद्ध केलं होतं. कोकणात सह्याद्री आणि समुद्र यांच्यात अंतर थोडं. नद्या आखूड आणि घाईच्या. त्यांनी जांभ्याचं पठार उभं चिरत समुद्र गाठलाय. त्यामुळे गाव खाली, खाडीच्या तोंडाशी, नारळी-पोफळीत. पुढचं गावही खाली, पुढच्या खाडीशी. मधे सडा, म्हणजे तेच पठार. त्या सड्यावर चढायचं, काळ्या-तांबड्या कातळावरून बिनसावलीचं जायचं, समोर समुद्र चकाकतोय तो बघून हायसं वाटायच्या आत उतरायचं, आणि खाली गेल्यावर शहाळं पिता पिता समोरच्या बाजूला चढत गेलेला रस्ता दिसतो. उंची फार नाही, शे-दीडशे मीटर असेल. पण ती सकाळी चढायची, न्याहारीनंतर चढायची, जेवायच्या आधी चढायची आणि जेवल्यावर तर चढायचीच.

वाटेत अंतर विचारायचं नाही असं काकांनी फर्मान काढलं होतं, ते त्यांनीच मोडलं. साकवाच्या कठड्यावर एक आजोबा बसले होते.

"केळशी किती लांब?"

"ही काय, इथंच. एक चढ चढलात की पोचलात."

"किती किलोमीटर?"

"किलोमीटर कोण मोजतो? घसरतच जायचं खाली."

कोकणी माणूस खोटं बोलत नाही. तो फक्त उतरणीचं अंतर सांगतो. निघताना आजोबांनी सायकल पाहिली, कठड्याला टेकवलेली, आणि स्टँड चोरीला गेला का म्हणून हळहळले.

मुक्काम घरगुती ठिकाणी. दिवेआगरला आम्ही उतरलो त्या घरच्या आजींनी पाण्याचा तांब्या पुढं करत विचारलं, "मुंबईचे का?" पाचही जणांनी एका सुरात नाही म्हटलं. एकमत झालेलं ते पहिलं. "पुण्याचे होय? मग उकडीच्या मोदकाचे दर आत्ताच सांगून ठेवते." दर सांगितले, ताटात काय काय येईल ते सांगितलं, काय जास्तीचं ते सांगितलं आणि वर, "उगाच नंतर तुम्हाला वाईट वाटायला नको." आजी इतक्या मनापासून बोलत होत्या की काकांना घासाघीस सुरू करायला जागाच सापडली नाही. संध्याकाळी अंगणात दोरीवर आमच्या सायकलच्या चड्ड्या वाळत होत्या. त्यांना आतून जाड गादी शिवलेली असते. आजी कंदील घेऊन आल्या, एक चड्डी चिमटीत धरून उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, "तुमच्यात बाळ कुणाचंय? रडलेलं ऐकलं नाही ते."

दिवेआगर म्हणजे सुवर्णगणेश. १९९७ साली एका बागेत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला आणि गाव नकाशावर आलं. २०१२ साली तो चोरीला गेला, माणसं मारली गेली, गावाचं दैवच फिरलं. २०२१ मध्ये नवा मुखवटा बसवला. दर्शनाला गेलो तेव्हा बाहेर सायकली कुलूपबंद करायच्या की नाहीत यावर मतभेद झाले नाहीत.

श्रीवर्धनला काकांचा ऊर भरून आला. बाळाजी विश्वनाथ भट इथले. सिद्दीचा जाच झाला म्हणून घाटावर गेले आणि १७१३ साली पेशवे झाले. पुढची शंभर वर्षं पुण्याचं जे बरंवाईट झालं त्याचं मूळ या नारळीच्या वाड्यांत. पेशव्यांच्या पुतळ्यासमोर काकांनी हेल्मेट काढलं आणि गिअर नसताना माणसं घाट चढली कशी, असं म्हणाले. घोडे होते, असं बाईंनी सांगितलं. ते काकांना आवडलं नाही.

बागमांडल्याला फेरीत सायकली घालून सावित्रीची खाडी ओलांडली की वेळास. आता ते कासवांसाठी प्रसिद्ध आहे. किनाऱ्यावर अंडी राखून पिल्लं समुद्रात सोडायचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना हाताशी धरून सुरू केलं, आणि त्याचा पुढं महोत्सव झाला. पण आम्ही गेलो ते वेळास हे नाना फडणविसांच्या भानू घराण्याचं गाव म्हणून. काकांनी भारावलेल्या आवाजात नानांचं मोठेपण सांगितलं. बाईंनी मधेच विचारलं, "नानांनी बांधलेली बेलबाग मंडईपासून पाच मिनिटांवर आहे. आत कोण कोण गेलंय?" दातांचे डॉक्टर गेले होते, पण पाऊस आला म्हणून.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती चढून झाला, हर्णैच्या पुढं मुरूड लागलं. जंजिऱ्याचं नव्हे, दापोलीचं. इथं धोंडो केशव कर्व्यांचं लहानपण गेलं. १८७५ साली, वय सतरा, हा मुलगा सरकारी परीक्षेला बसायला मुरूडहून साताऱ्याला चालत गेला. एकशे दहा मैल. आजच्या हिशोबानं पावणेदोनशे किलोमीटरच्या वर, आणि मधे सह्याद्री. वाट रानातली, बरोबर शिदोरी आणि मित्र. साताऱ्याला पोचल्यावर परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं, हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणाले आणि परीक्षेला बसू दिलं नाही. झालं. आला तसा परत.

आता यात आमच्या टोळीला काय काय बोलता आलं असतं याचा विचार करा. आम्ही तिथंच ठाण मांडून अर्ज दिला असता, वर्तमानपत्राला पत्र लिहिलं असतं, सातारकरांच्या चहावर आयुष्यभर टीका केली असती. कर्व्यांनी पुढं हिंगण्याला आश्रम काढला आणि हिंगणे ते फर्ग्युसन कॉलेज रोज पायी ये-जा केली. एकशे चार वर्षं जगले. आमच्यात हे ऐकून सर्वांत अस्वस्थ कोण झालं असेल तर सॉफ्टवेअरवाला. त्याच्या मनगटावरच्या घड्याळात पावलं, ठोके, झोप सगळं मोजलं जातं आणि त्यानं लगेच कर्व्यांच्या चालण्याच्या कॅलरी काढायला घेतल्या. कर्व्यांच्या वजनाचा आकडा मिळेना म्हणून काम अडलं. ज्या रस्त्यानं आम्ही पुणं सोडलं त्याला त्यांचं नाव आहे, आणि दिवसा तो रस्ता पायी ओलांडून दाखवणाऱ्यालाही एखादी पदवी द्यायला हरकत नाही, असं माझं मत आहे.

हर्णैचा मासळीबाजार मात्र मुळीच चुकवू नये. होड्या आत उभ्या असतात, बैलगाड्या थेट पाण्यात शिरतात, बैलांच्या पोटाला लाटा लागतात आणि माल वाळूवर येतो. वाळूवरच लिलाव. सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग, त्याभोवती कोंडाळं. लिलाव करणारा आकडे इतक्या भरभर म्हणतो की आपल्याला फक्त शेवटचा कळतो, आणि तोवर टोपली उचललेली असते. आवाज, ओल, पायाखालचा चिखल, डोक्यावरून जाणाऱ्या पाट्या आणि "बाजूला व्हा की": पाचही जणांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

काकांना तर स्फुरण चढलं. किरकोळ विकणाऱ्या एका कोळणीपाशी त्यांनी मंडईतला ठेवणीतला डाव टाकला. भाव ऐकायचा, निम्मा सांगायचा आणि पाठ फिरवून चालू लागायचं. मंडईत तिसऱ्या पावलाला मागून हाक येते. इथं दहा पावलं झाली तरी हाक येईना. त्यातून त्यांच्या बुटांना पेडलमध्ये अडकवायचे लोखंडी खटके, वाळूत पाय वळेनात, त्यामुळे रागावून तरातरा निघून जाणं जे म्हणतात ते काही जमलं नाही. शेवटी तेच वळून आले. कोळणीनं भाव दहा रुपयांनी वाढवला होता. "मघाशी घ्यायचं ना, काका."

तोवर सॉफ्टवेअरवाला सायकल धरून उभाच होता, कारण खाली ठेवली तर वाळू गिअरमध्ये जाते. त्या बाईला त्याची दया आली. "दे इकडं, ठेवायला पाय नाय बिचारीला," म्हणत तिनं ती लाखाची सायकल बोंबलाच्या रिकाम्या पाट्यांच्या चळतीला टेकवली, वरून एक ओलं गोणपाट टाकलं आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. कार्बन फायबरला गंज चढत नाही ही गोष्ट खरी. वास चढतो. दापोलीच्या चढावर त्याच्या मागं राहायला कुणी तयार होईना, आणि तो पहिल्यांदाच सगळ्यांच्या शेवटी राहूनही शांतपणे एकटा चालवू शकला.

दाभोळला वाशिष्ठी आडवी येते. २००३ साली इथं गाड्यांची फेरीबोट सुरू झाली, नाहीतर पलीकडचं धोपावे गाठायला चिपळूणला वळसा. बोटीत आमच्या शेजारी पुण्याचीच एक गाडी लागली. काच खाली झाली. "सकाळी निघालो, आलो की! तुम्हाला किती दिवस लागले?" आम्ही सांगितलं. "मग परत जाताना?" टेम्पो, असं आम्ही सांगितलं. काच वर गेली.

टेम्पोवरून खरी लढाई गुहागरला झाली. काकांनी सबंध प्रवासाचा हिशोब बँकेच्या शिस्तीत वहीत लिहिला होता आणि तो पाचांत सरळ भागायला ते तयार नव्हते. बाई मासे खात नाहीत, म्हणून हर्णैचा खर्च चौघांत. डॉक्टरांनी कोकम सरबत घेतलं नव्हतं, पण ग्लास चाखून पाहिला होता, त्याचं काय करायचं हे बाजूला ठेवलं. माझ्या नावावर पंक्चरचे दोन तुकडे निघाले. टेम्पोचं भाडं आलं तेव्हा सॉफ्टवेअरवाला उठून उभा राहिला. टेम्पोत माल वजनावर जातो, त्याची सायकल आठ किलोची आणि काकांची अठराची, तेव्हा भाडं किलोवर पडलं पाहिजे. एवढे पैसे त्यानं स्टँड नसण्यासाठी मोजले ते याच क्षणासाठी असावेत असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काकांनी वही मिटली, चष्मा काढला आणि मग चकल्या-लाडवांचं वजन येताना कुणाच्या सायकलीनं वाहिलं ते आधी लिहून द्या, असं बजावलं. ते दुसऱ्याच दिवशी आम्हा पाचांत वाटलं गेलं होतं आणि प्रत्येकी किती आलं याची नोंद कुठंच नव्हती.

हिशोब अजून मिटलेला नाही. ग्रुपवर रोज एक नवा आकडा येतो. पुढच्या हिवाळ्यात गणपतीपुळ्यापासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत जायचं ठरलंय, कारण डॉक्टरांचं काकांकडे एकशे चाळीस रुपये येणं आहे आणि ते रोख द्यायला काका तयार नाहीत, सरबतात वळते करून घ्या म्हणतात.